परमुलखात जाणारे दाखले

वसंत व्याख्यानमालेत उभे राहणाऱ्याने एखादा थोर विषय घ्यावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आमचा विषय मात्र फुलस्केप कागदाहून मोठा नाही. आपल्या जिल्ह्यातला माणूस कामासाठी, शिक्षणासाठी किंवा मुलाबाळांकडे म्हणून परदेशी जातो, तेव्हा त्याच्याबरोबर चार कागदही जातात. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, पदवी, लग्नाचा दाखला. माणसाला विमानात बसवणे सोपे आहे. पण हे कागद परक्या देशात खरे मानले जावेत म्हणून जी खटपट करावी लागते तिची माहिती नसल्यामुळे लोकांचे पैसे बुडालेले, हाताशी आलेल्या नोकऱ्या गेलेल्या आणि एका घरची न्याय्य भरपाई दीड वर्ष अडकून पडलेली आम्ही पाहिली आहे. आम्ही वकील नव्हे. युनियनचे काम करणारी माणसे. पगारपत्रके आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज भरता भरता हे दुसरे कागद आमच्या टेबलावर केव्हा येऊन पडू लागले ते आमचे आम्हालाही कळले नाही. जे शिकलो ते लोकांच्या अर्जांवरून आणि नकार घेऊन परत आलेल्या लखोट्यांवरून शिकलो.

मुळात कागद खरा कशावरून? गावात हा प्रश्न उद्भवत नाही. तलाठ्याची सही मामलेदार ओळखतो, हेडमास्तरांची सही साऱ्या गावाला पाठ असते. सांगलीचा कागद मुंबईस गेला तरी निदान शिक्का वाचता येतो. तोच कागद कुवेतच्या किंवा मिलानच्या कारकुनापुढे ठेवला तर त्याने काय करावे? त्याला लिपी ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आणि ही सही निबंधकाची आहे की निबंधकाच्या मेहुण्याची, हे सांगायला त्याच्यापाशी कोणी नाही. त्याने कागद परत केला तर त्याला दोष देता येत नाही.

हा पेच नवा नाही. आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज कोणत्याही निर्णयाला लावतो. पण एके काळी तो कागदाच्या बंदोबस्ताचा शब्द होता. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर संपे तेथे 'मर्यादेयं विराजते' ही लहान मोर्तब उमटवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर जोडील तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. पत्र कोणाचे हे शिक्का सांगे. पत्र कोठवर हे मोर्तब सांगे.

पण हा बंदोबस्त शिक्का ओळखणाऱ्यांपुरता. ज्या मुलखात तो ओळखीचा नाही तेथे ओळखीची साखळी लागते. सोयरीक जुळवताना आपण काय करतो? मुलीकडच्यांना मुलाचे घर माहीत नसते; पण त्या गावचा एक पाहुणा माहीत असतो, आणि तो म्हणतो, "मी ओळखतो, घर चांगले आहे." कागदाचेही तसेच. ग्रामसेवकाची सही राज्य सरकार ओळखते. राज्याच्या अधिकाऱ्याची सही भारत सरकारचे परराष्ट्र खाते ओळखते. परराष्ट्र खात्याची सही त्या देशाची दिल्लीतील वकिलात ओळखते, आणि वकिलातीची सही त्या देशाचे स्वतःचे परराष्ट्र खाते ओळखते. एका जन्मदाखल्यावर पाच हात फिरले! यातल्या शेवटच्या अधिकाऱ्याने मूळ दाखला वाचलेलाही नसतो. तो आपल्या अगोदरच्या पाहुण्याला ओळखतो, एवढेच.

या पाहुणेपणाला जग कंटाळले तेव्हा हॉलंडातील हेग शहरी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला आणि २४ जानेवारी १९६५ पासून तो अमलात आला. त्याचे सूत्र साधे आहे. वकिलातीची पायरी काढून टाकायची. कागद ज्या देशाचा, त्या देशाने नेमलेल्या अधिकाऱ्याने एकच प्रमाणपत्र जोडायचे, आणि करारातल्या बाकी देशांनी ते मानायचे. या प्रमाणपत्राचे नाव 'अपोस्टिल'. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ समासात लिहिलेला शेरा. आपल्या कचेऱ्यांत 'शेरा मारणे' म्हणतात तो हाच. करारानेच त्याचा नमुना घालून दिला. एक चौकोन, त्याची प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर, आणि आत क्रमांक घातलेल्या दहा बाबी. कागद कोणत्या देशाचा, त्यावर सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केलेली, शिक्का कोणाचा. मग हा शेरा कोठे, केव्हा, कोणी मारला, त्याचा नंबर, शिक्का व सही. बाकी मजकूर ज्या त्या देशाच्या भाषेत चालतो. माथ्यावरचे शीर्षक मात्र फ्रेंचमध्येच पाहिजे. भारताने २६ ऑक्टोबर २००४ रोजी या करारात प्रवेश केला आणि आपल्यापुरता तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. म्हणजे करार झाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी आपण त्या पंक्तीस बसलो.

येथे एक गोष्ट सावकाश सांगितली पाहिजे, कारण सर्वांत अधिक गैरसमज याच ठिकाणी आहे. अपोस्टिल लागले म्हणजे कागद 'दिल्लीहून पास होऊन आला' असे लोक समजतात. तसे मुळीच नाही. सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता, आणि शिक्का त्याच कचेरीचा आहे, या तीन गोष्टींपलीकडे अपोस्टिल एक शब्दही बोलत नाही. आतल्या मजकुराबद्दल त्याचे काहीच म्हणणे नसते. जन्मतारीख चुकीची असली तर तिच्यावर अपोस्टिल लागून ती चुकीचीच राहते, उलट अधिक पक्की होते. नर्सिंगच्या पदविकेवर अपोस्टिल आहे म्हणून परदेशातल्या इस्पितळाने त्या बाईंना नर्स म्हणून घेतलेच पाहिजे असेही नाही. आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोलाचे आहे की नाही हे तिथली नोंदणी करणारी संस्था निराळे ठरवते, तिची परीक्षा निराळी, तिची भाषेची अट निराळी. मिरजेत १८९४ मध्ये डॉक्टर वान्लेस यांचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले. तेव्हापासून रुग्णसेवा शिकण्याची परंपरा असलेले हे गाव आहे. येथल्या मुलींनी हा फरक आधी समजून घेतला तर एजंटाच्या "अपोस्टिल झाले की व्हिसा झाला" या बोलण्याला त्या फसणार नाहीत.

आता देश कोणते? करारातल्या देशांची संख्या सव्वाशेच्या आसपास गेली आहे. युरोपातले बहुतेक देश, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया पूर्वीपासून आहेत. ओमान २०१२ मध्ये, बहरीन २०१३ च्या अखेरीस, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला. चीनला तो नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडाला जानेवारी २०२४ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार मात्र आम्ही हे लिहीपर्यंत त्यात नाहीत. म्हणजे एकाच आखातात मस्कतला जाणाऱ्या फिटरला अपोस्टिल पुरते आणि दुबईला जाणाऱ्या त्याच्या भावाला पाचही पायऱ्या चढाव्या लागतात. आणखी एक गुंता जर्मनीचा. नवा देश करारात येताना जुन्या देशाला हरकत घेता येते, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताच्या प्रवेशाला जर्मनीने अशी हरकत नोंदवली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला तेव्हा आमच्याकडे आय.टी.आय.ची पोरे धावत आली, आणि त्यांतली काही तर हौसेने अपोस्टिल करूनच आली होती. जर्मन वकिलातीला नक्की काय हवे ते अगोदर विचारा, मग पैसे खर्चा, असे आम्ही त्यांना सांगितले.

दोन प्रकारचे कागद करारात बसतच नाहीत. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने केलेले कागद, आणि थेट व्यापाराशी किंवा जकातीशी संबंध असलेले सरकारी कागद. सांगलीच्या हळदीचा आणि बेदाण्याचा व्यापारी माल बाहेर पाठवतो त्याच्या कागदांचा रस्ता निराळा असून तो चेंबर ऑफ कॉमर्सवरून जातो. व्यापारी मंडळींना तो आमच्याहून चांगला ठाऊक आहे.

कामगाराच्या कागदाची वाट अशी आहे. शिक्षणाचा कागद राज्याच्या शिक्षणविषयक विभागाकडे जातो. जन्म, मृत्यू, लग्न, प्रतिज्ञापत्र, कुलमुखत्यारपत्र हे घरगुती कागद राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडे. तेथे पडताळणी झाली की परराष्ट्र खाते. पूर्वी हे शेवटचे काम दिल्लीसच होत असे. सांगलीहून दिल्लीची गाडी, धर्मशाळेतला मुक्काम, आणि एक शिक्का राहिला म्हणून परत मुंबई, असे हाल आमच्या लोकांनी काढले आहेत. १ जानेवारी २०१९ पासून हे काम देशातल्या पंधरा शहरांत वाटून दिले गेले आणि त्यांत मुंबई आहे. परराष्ट्र खाते २०१२ पासून माणसाच्या हातून थेट कागद घेत नाही. त्याने नेमलेल्या सेवासंस्थांकडे ते द्यावे लागतात. 'ई-सनद' नावाची संगणकावरची सोयही निघाली आहे. कागद देणाऱ्या संस्थेने आपली दप्तरे तिच्यात भरली असतील तर पुष्कळ हेलपाटे वाचतात. अपोस्टिलची चिठ्ठी मूळ कागदाच्या पाठीवर चिकटवतात. म्हणून पदवी प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीवर लावण्याची जी हौस आहे ती आवरावी. चकचकीत केलेला कागद उकलताना फाटतो आणि मग नव्या प्रतीसाठी विद्यापीठाच्या पायऱ्या.

या वाटेवर एक नियम आहे तो लोकांना ठाऊक नसतो. कागद ज्या राज्यात निघाला त्याच राज्याने त्याची साक्ष द्यायची. सांगलीत राहणाऱ्याचे कागद मुंबईत होतील असे आपण गृहीत धरतो. पण खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांचा विचार करा. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी येथले गलाईवाले पिढ्यान् पिढ्या केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल असे साऱ्या देशभर पसरले आहेत. विट्याच्या बाजूचा मुलगा जन्मला कोईमतूरला, शाळा शिकला कानपूरला आणि डिप्लोमा घेतला सांगलीत. त्याच्या तीन कागदांना तीन राज्यांची साक्ष लागते: एकाला चेन्नईची, दुसऱ्याला लखनौची, तिसऱ्याला मुंबईची. वडील म्हणतात, "आमचं रेशनकार्ड तर इथलं आहे!" रेशनकार्डाचा येथे काही उपयोग नाही.

उलट बाजूने मिरजेकडे पाहा. अथणी, चिकोडी, रायबाग या कर्नाटकातल्या तालुक्यांतून लोक दवाखान्यासाठी मिरजेला येतात. जन्माची नोंद मूल जेथे जन्मले तेथे होते, आईबाप जेथे राहतात तेथे नव्हे. म्हणून घर कर्नाटकात, शाळा कानडी, पण जन्मदाखला मिरजेचा, आणि त्याची वाट बंगळूरवरून न जाता मुंबईवरून जाते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे, तिनेही पुष्कळ घोटाळा केला आहे. थोरल्या मुलाची नोंद सासरच्या गावात शोधशोध शोधतात आणि ती असते आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत. आमच्याकडे कोणी जन्मदाखला सापडत नाही म्हणून आले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "आजोळ कुठले?" निम्मी कामे तेवढ्याने होतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा असून महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याच्या आधीच्या नोंदी गावच्या दप्तरात, म्हणजे कोतवाल बुकात, मिळतात. जुनी पाने मोडीत असतात आणि पुष्कळ ठिकाणी मुलाचे नावच नसते; "अमक्यास मुलगा झाला" एवढेच. त्यात आपल्या जिल्ह्याचा इतिहास आडवा येतो. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्या मधल्या काळात जन्मलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मुलाकडे कॅनडात कायमचे जायचे होते. एका कागदावर 'दक्षिण सातारा', पासपोर्टावर 'सांगली', आणि तिकडचा कारकून विचारतो की तुमचा जन्म दोन जिल्ह्यांत कसा झाला? हे तसे किरकोळ. एका प्रतिज्ञापत्राने आणि खुलाशाच्या पत्राने भागले. सांगली, मिरज व कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ मध्ये झाली. तीपूर्वीच्या नगरपालिकांच्या शिक्क्याचा जुना दाखला घरात असेल तर तो पुढे करू नये, त्याच नोंदीचा नवा उतारा आजच्या निबंधकाच्या सहीने घ्यावा. जो अधिकारी आता खुर्चीवर नाही त्याच्या सहीची साक्ष देताना पुढची कचेरी अडखळते.

किरकोळ नाही ती एक जूनची गोष्ट. पन्नाशीच्या पुढचे जे कोणी येथे आहेत त्यांतल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, आणि आमचाही येतो. आमच्या आईला आमचा जन्म श्रावणातला ठाऊक. पण शाळा जूनमध्ये उघडते, मुलाचे वय भरले पाहिजे, आणि बाप तारीख सांगू शकत नाही, तेव्हा गुरुजींनी लेखणी उचलून १ जून लिहिले आणि मूल वर्गात बसवले. त्या गुरुजींनी उपकारच केले. त्यांनी तारखेवरून अडवले असते तर आम्ही चार यत्ताही शिकलो नसतो. पण परदेशी कचेरीत शाळेचा दाखला एक तारीख सांगतो आणि गावचे दप्तर दुसरी, तेव्हा ती कचेरी खोटेपणाचा वास घेते. दोन्ही कागदांवर खऱ्या सह्या आहेत, दोन्हींना अपोस्टिल लागेल, आणि दोन खरे कागद एकमेकांना खोटे पाडतील. शाळा सोडल्यानंतर शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख बदलणे अतिशय कठीण आहे. म्हणून मूल शाळेत आहे तोवर जन्मदाखला काढून हजेरीपटाशी ताडून पाहावा. हे काम मातापित्यांचे आहे आणि त्याला एक दुपार पुरते.

नावांचे तसेच. आपण स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असे तीन मजले बांधतो. परदेशच्या फॉर्मवर दोनच रकाने. कोणी बापाचे नाव स्वतःच्या नावाला जोडतो, कोणी गाळतो. विठ्ठल या एका नावाचे इंग्रजीत एक 'टी' असलेले आणि दोन 'टी' असलेले असे स्पेलिंग एकाच माणसाच्या दोन दाखल्यांवर आम्ही पाहिले आहे. स्त्रियांची तर लग्नानंतर आडनाव बदलते, बापाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि काही घरांत हौसेने मूळ नावही बदलतात. शाळेची सुमन लग्नात वैशाली होते, आणि सुमन व वैशाली या एकच हे पटवून द्यायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. राजपत्रातली नोंद वेळेवर केली तर स्वस्त पडते. व्हिसाची तारीख आल्यावर केली तर महाग.

पैशाचा विषय काढला आहे तर सांगून टाकू. परराष्ट्र खाते एका कागदाच्या अपोस्टिलला ५० रुपये घेते, आणि करारात नसलेल्या देशासाठी जे साधे साक्षांकन लागते त्याला खात्याचे शुल्क नाही. सेवासंस्थेचा आकार आणि वकिलातीची फी वेगळी. वकिलातीची फी जड असते. हे आकडे ठाऊक नसल्यामुळे पलूस तालुक्यातल्या एका तरुणाने एकेका दाखल्यामागे काही हजार दिले. ज्याने ते घेतले त्याने नोटरीचा शिक्का मारलेल्या झेरॉक्स हातात ठेवल्या आणि "काम झाले" म्हणाला. नोटरी झेरॉक्सवर सही करतो ती ही प्रत मुळाबरहुकूम आहे एवढ्यापुरती. ती राज्याची साक्ष नव्हे आणि परराष्ट्र खात्याची तर नव्हेच. कागद तिकडून परत आले तोवर जागा भरली होती. त्याहून वाईट गोष्ट ही की मूळ दाखले त्या एजंटाकडेच अडकले होते, आणि ते सोडवायला आम्हा चौघांना त्याच्या दारात बसावे लागले. तेव्हापासून आम्ही सांगतो: मूळ कागद कोणाच्याही हाती पावतीवाचून देऊ नका, आणि पावतीवर प्रत्येक कागदाचा नंबर लिहून घ्या. अपोस्टिलच्या चिठ्ठीवरचा नंबर संगणकावर पडताळता येतो. तो पडताळल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

कागद जवळ असणे आणि नसणे यात काय अंतर आहे ते कुवेतने दाखवले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या वर भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. अंगावरच्या कपड्यांनिशी माणसे आली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचे मंडळ नेमले, आणि केवळ देश सोडावा लागल्याबद्दल एका माणसाला अडीच हजार किंवा चार हजार डॉलर अशी ठरीव रक्कम मिळण्याची सोय झाली. तेथे मंडळाने शहाणपण दाखवले. निघाल्याची गोष्ट व तारीख साध्या पुराव्याने दाखवली की पुरे, असे ठरवले. मोठ्या दाव्यांना मात्र पगाराचा, मालाचा, बँकेचा पुरावा लागे, आणि तो ज्याच्यापाशी होता त्याचीच बाजू उभी राहिली.

कागद उलट दिशेनेही येतात. दुबईत असलेल्या भावाला तासगावातली जमीन विकायची आहे किंवा बहिणींबरोबर वाटणी करायची आहे, आणि रजा मिळत नाही. तो कुलमुखत्यारपत्र करून पाठवतो. ते तेथल्या भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे सही करून पाठवले तर येथे नोंदणी कचेरीत चालते. आपल्या वकिलातींना १९४८ च्या कायद्याने हा अधिकार आहे. मात्र पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथले मुद्रांक शुल्क भरले पाहिजे, असे राज्याच्या १९५८ च्या मुद्रांक कायद्यात आहे. लोक लखोटा फोडून कपाटात ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळाले की बाहेर काढतात. मुदत उलटून गेलेली असते आणि मग दंड. लखोट्यावरचा पोस्टाचा शिक्काही जपून ठेवावा. पत्र केव्हा पोहोचले याचा तो पुरावा आहे.

आता त्या अडकलेल्या भरपाईची गोष्ट. या जिल्ह्यातला एक वेल्डर हेग करारात नसलेल्या एका आखाती देशात कामावर असताना अपघातात गेला. मृतदेह तीन आठवड्यांनी आला. मालकाने भरपाई नाकारली नव्हती. कोणाला द्यायची ते सिद्ध करा म्हणाला. आपल्या वकिलातीने वारसांचा दाखला आणि वकिलातीच्या नावे कुलमुखत्यारपत्र मागवले, दोन्ही परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यानिशी. बाईंनी तहसील कचेरीतून मिळालेला दाखला पाठवला. तो पेन्शनसारख्या कामांपुरता चालणारा; परत आला. दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला हवा होता, जो आपल्याकडे आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. कंपनी सरकारच्या वेळचा तो कायदा इतक्या वर्षांनी एका वेल्डरच्या बायकोच्या कामी आला. अर्ज झाला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, आणि तेव्हा ध्यानात आले की अर्जात सासूबाईंचे नावच नाही. त्या धाकट्या मुलाकडे राहत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा आणि मुले यांच्या बरोबरीने आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. बाप मात्र तेथे नाही. बाईंनी कोणाला डावलले नव्हते, त्यांना ठाऊक नव्हते. अर्ज दुरुस्त करावा लागला. सासूबाई अंगठा द्यायला स्वतः चालत आल्या.

लग्नाचा दाखलाही मागितला होता. तो नव्हताच. लग्न गावच्या मंडपात झालेले, नोंद केलेली नव्हती, आणि नोंदणीच्या अर्जावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. आता दुसरी सही कोठून आणायची? न्यायालयाच्या दाखल्यात 'पत्नी' असे लिहून आले म्हणून तेथे निभावले. नोंदणीचा आजचा कायदा १९९८ चा आहे, गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात महानगरपालिकेत नोंद होते, आणि जो माणूस परदेशी जाणार आहे त्याने निघण्यापूर्वी एवढे एक काम करून जावे, असे आम्ही तेव्हापासून प्रत्येकाला बजावतो. त्यानंतर मयताच्या नावाच्या स्पेलिंगाचा घोळ निघाला. पासपोर्टात एक, न्यायालयाच्या दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात दुसरे. पुन्हा भाषांतर, पुन्हा मुंबई, पुन्हा वकिलात.

पैसे आले तेव्हा दीड वर्ष झाले होते. बाप गेला त्या वेळी आठवीत असलेला मुलगा दहावीत गेला होता. बोर्डाचे फॉर्म भरायचे आले त्या दिवशी बाई कामावर गेल्या नाहीत. शाळेच्या कचेरीत कारकुनाशेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख ही जन्मदाखल्यावरून एकेक अक्षर बोट ठेवून त्यांनी स्वतः लिहवून घेतली.